जीवनसत्त्वांची खरी नावे

आईच्या गोळ्या आठवड्याच्या डबीत भरून ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे. एका रविवारी मी खण भरत असताना तिने एक पाकीट उलटे केले, चष्मा कपाळावर सरकवून मागचा बारीक मजकूर डोळ्यांजवळ धरला आणि विचारले, "हे मिथाइलकोबालमिन म्हणजे काय गं? मला तर बी ट्वेल्व्हची गोळी दिली आहे ना?" दोन्ही एकच, असे मी सांगितले. "एकच, तर मग दोन नावे कशाला?" या तिच्या पुढच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे धड उत्तर नव्हते. ते शोधायला म्हणून मी वाचू लागले आणि हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. अ, ब, क, ड ही अक्षरे म्हणजे शाळेच्या हजेरीपटावरचे क्रमांक आहेत. त्यांवरून कोण आधी आले आणि कोण नंतर, एवढेच कळते. स्वभाव आणि काम कळायचे असेल, तर पाकिटामागच्या त्या बारीक अक्षरांतल्या नावांकडेच जावे लागते.

जीवनसत्त्व म्हणजे शरीराला अत्यल्प प्रमाणात, पण अनिवार्यपणे लागणारा असा सेंद्रिय पदार्थ, जो शरीर स्वतः बनवू शकत नाही किंवा पुरेसा बनवू शकत नाही, आणि म्हणून जो बहुतांशी आहारातून मिळवावा लागतो. या व्याख्येतल्या प्रत्येक शब्दाला वजन आहे. 'सेंद्रिय' म्हटले की लोह, कॅल्शियम, जस्त ही खनिजे बाजूला पडतात; 'अत्यल्प' म्हटले की प्रथिने, मेद आणि कर्बोदके वगळली जातात. जीवनसत्त्वांपासून ऊर्जा मिळत नाही. अन्नातली ऊर्जा मोकळी करणारी जी यंत्रणा पेशीत असते, तिला त्यांतली काही लागतात, आणि त्यामुळेच 'ताकदीची गोळी' हा त्यांच्याविषयीचा समज अर्धवट खरा आणि अर्धवट चुकीचा ठरतो. माणसाच्या बाबतीत अशी १३ जीवनसत्त्वे मानली जातात: अ, क, ड, ई, के आणि ब गटातली आठ.

खुद्द 'व्हिटॅमिन' या शब्दात एक चूक दडलेली आहे. कासिमिर फंक या पोलिश जीवरसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये 'व्हिटा', म्हणजे जीवन, आणि 'अमाइन', म्हणजे नायट्रोजन असलेल्या संयुगांचा एक प्रकार, असे दोन शब्द जोडून तो तयार केला. हे सगळे पदार्थ अमाइन असावेत, असा त्याचा तर्क होता. तो सर्वांना लागू पडत नाही हे पुढे कळले, तेव्हा ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ जॅक ड्रमंड यांनी १९२० मध्ये इंग्रजी शब्दाच्या शेवटचे ई हे अक्षर कमी करून त्याचा अमाइनशी असलेला संबंध तोडण्याची सूचना केली. मराठीतला 'जीवनसत्त्व' हा शब्द मला यासाठी फार आवडतो, की तो रसायनाबद्दल कोणताही दावा करत नाही. जगण्यासाठी लागणारा सारभूत अंश, एवढेच तो म्हणतो आणि ते तेराही पदार्थांना लागू पडते. हा शब्द लिहिताना 'सत्त्व'मध्ये दोन त येतात, कारण तो 'सत्' आणि 'त्व' मिळून झाला आहे. औषधांच्या खोक्यांवर त्यातला एक त बहुधा गळालेला असतो आणि दर वेळी माझी नजर तिथे अडते.

मराठीत अक्षरांचा आणखी एक घोटाळा होतो. आपण क म्हणतो ते इंग्रजी सी, आणि के म्हणतो ते वेगळेच. एक हिरड्यांतून रक्त येऊ नये म्हणून लागते, दुसरे रक्त गोठण्यासाठी लागते, आणि दोन्हींचा संबंध रक्तस्रावाशी असल्याने बोलताना त्यांची हमखास अदलाबदल होते. खरी नावे घेतली, तर हा गोंधळ उरत नाही. क म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल. स्कर्व्ही, म्हणजे हिरड्यांतून रक्त येण्याचा रोग. त्याचे लॅटिन नाव स्कॉर्ब्यूटस, त्याच्या आधी नकाराचा 'अ'. म्हणजे ज्याने स्कर्व्ही होत नाही ते. के हे अक्षर क्रमाने आलेलेच नाही. डॅनिश जीवरसायनशास्त्रज्ञ हेन्रिक डाम हे कोपनहेगनमध्ये १९२९ पासून कोंबडीच्या पिल्लांवर प्रयोग करत होते. विशिष्ट आहारावर ठेवलेल्या पिल्लांना आपोआप रक्तस्राव होऊ लागला आणि त्यांचे रक्त गोठेना, तेव्हा जो घटक कमी पडत होता त्याला त्यांनी 'कोआग्युलेशन', म्हणजे गोठणे, या शब्दाचे जर्मन आणि डॅनिश भाषांतले आद्याक्षर दिले.

कामाचा पत्ता सर्वांत स्पष्ट असलेले नाव अ जीवनसत्त्वाचे आहे. रेटिनॉल हे नाव रेटिना, म्हणजे डोळ्याच्या दृष्टिपटलावरून आले. दृष्टिपटलात मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी असतात. त्यांच्यात ऑप्सिन या प्रथिनाच्या कुशीत रेटिनॉलपासून बनलेला, मध्येच वाकलेला असा रेटिनाल नावाचा रेणू बसलेला असतो. प्रकाशाचा कण त्याच्यावर आदळताच तो वाकलेला रेणू सरळ होतो, त्या हालचालीने ऑप्सिनचा आकार बदलतो आणि तिथून मेंदूकडे संदेश निघतो. उजेडातून अंधाऱ्या खोलीत गेल्यावर आधी काहीच दिसत नाही आणि काही मिनिटांनी वस्तू उमटू लागतात, त्या मिनिटांत डोळ्यात सरळ झालेले रेणू पुन्हा वाकवून जागेवर बसवण्याचे काम चाललेले असते. रेटिनॉल कमी असेल, तर रेणू पुरेसे बसत नाहीत आणि रातांधळेपणा येतो. या रसायनाचा उलगडा करणाऱ्या जॉर्ज वाल्ड यांना १९६७ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. डोळ्याचा पृष्ठभाग, श्वासमार्ग, आतडी यांची अस्तरे धड राहण्यासाठीही हेच जीवनसत्त्व लागते, म्हणून त्याची तीव्र कमतरता असलेल्या लहान मुलांच्या डोळ्यांबरोबरच त्यांची संसर्गाशी झुंजण्याची शक्तीही जाते. गाजरातले बीटा-कॅरोटीन हे तयार रेटिनॉल नव्हे. शरीर गरजेप्रमाणे त्याचे रूपांतर करते. तयार रेटिनॉल मात्र यकृतात साठत जाते, जास्त झाले तर विषारी ठरते आणि गरोदरपणात त्याच्या मोठ्या मात्रेने गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते.

ड जीवनसत्त्वाचा जन्म अ जीवनसत्त्वाच्या पोटातून झाला, असे म्हणता येईल. कॉड माशाच्या यकृताचे तेल रातांधळेपणावरही चालते आणि मुडदूस या हाडांच्या रोगावरही, हे माहीत होते आणि दोन्ही गुण एकाच घटकाचे असावेत, असे वाटत होते. अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ एल्मर मॅककॉलम यांनी ते तेल तापवून त्यातून हवा खेळवली. त्यातला अ हा घटक नष्ट झाला, तरी तेलाने मुडदूस बरा होत राहिला. म्हणजे तिथे दुसरेच काही होते. १९२२ साली अ, ब आणि क ही अक्षरे दिली गेलेली असल्याने त्याच्या वाट्याला ड आले. त्याचे खरे नाव कॅल्सिफेरॉल, म्हणजे कॅल्शियम वाहून आणणारे. ते आतड्यातून कॅल्शियम शोषून घ्यायला लावते आणि हाडांत त्याचा भरणा होऊ देते. पण व्याख्येत हे जीवनसत्त्व नीट बसत नाही, कारण त्वचेवर सूर्याचे अतिनील किरण पडले की शरीर ते स्वतः बनवते. मग यकृतात त्याच्यावर एक संस्कार होतो, मूत्रपिंडात दुसरा होतो, आणि शेवटी तयार होते ते वागणुकीने सरळ संप्रेरकच (हार्मोनच) असते. बंद खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा यासाठी उपयोग नाही, कारण लागणारे किरण काच अडवते. हेसुद्धा शरीरात साठते, आणि डॉक्टरांना न विचारता मोठ्या मात्रेच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेत राहिल्यास रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

ई म्हणजे टोकोफेरॉल. ग्रीक भाषेत 'टोकोस' म्हणजे प्रसूती आणि 'फेरीन' म्हणजे वाहणे. १९२२ मध्ये एका प्रयोगात, या घटकाविना वाढवलेल्या उंदरांच्या माद्यांना गर्भ राहत असे, पण तो टिकत नसे. त्यावरून हे नाव पडले. माणसाच्या शरीरात त्याचे मुख्य काम वेगळे आहे. पेशीच्या आवरणातल्या मेदांना ऑक्सिजनमुळे खवट होण्यापासून ते वाचवते. इथे नाव जुन्या प्रयोगाला चिकटून राहिले आणि पुढचे ज्ञान दुसरीकडे गेले. मेद शोषण्यात दोष नसेल, तर त्याची कमतरता सहसा होत नाही.

के जीवनसत्त्व यकृताला लागते. रक्त गोठवणारी काही प्रथिने यकृतात बनतात, पण कॅल्शियमला धरून ठेवणारी जागा त्यांच्यावर के जीवनसत्त्वाशिवाय तयार होत नाही आणि ती प्रथिने असूनही निकामी राहतात. रक्त पातळ ठेवण्यासाठी दिले जाणारे वॉरफरिन नेमके इथेच आडवे येते, म्हणून ते घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण अचानक कमीजास्त करू नये, असे सांगतात. नवजात बाळाच्या शरीरात या जीवनसत्त्वाचा साठा नगण्य असतो आणि आईच्या दुधातूनही ते फार थोडे मिळते. जन्मल्यानंतर लगेच बाळाच्या मांडीत दिले जाणारे ते छोटेसे इंजेक्शन मेंदूतला रक्तस्राव टाळण्यासाठी असते, आणि ते नाकारण्याचा विचार करणाऱ्या आईवडिलांना मी हात जोडून सांगेन की तसे करू नका.

अ, ड, ई आणि के ही मेदात विरघळतात, उरलेली पाण्यात. पाण्यात विरघळणाऱ्यांपैकी क विषयी बरेच लिहिले जाते, म्हणून मी थोडक्यात लिहिते. १७४७ मध्ये जेम्स लिंड या डॉक्टरांनी जहाजावरच्या स्कर्व्हीने आजारी १२ खलाशांच्या दोन-दोनांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचे पाणी, तर कुणाला संत्री आणि लिंबू. संत्री-लिंबू मिळालेले दोघे झपाट्याने सुधारले. यामागचे कारण असे, की त्वचा, हिरड्या आणि रक्तवाहिन्या यांना बांधून ठेवणारे कोलॅजन हे दोरीसारख्या पिळाचे प्रथिन आहे, आणि तो पीळ पक्का बसवणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) ॲस्कॉर्बिक आम्ल लागते. ते नसेल, तर जुन्या जखमासुद्धा उसवतात. बहुतेक प्राणी हा पदार्थ स्वतः बनवतात. माणसाच्या पूर्वजांमध्ये त्यासाठीचे एक जनुक केव्हातरी बिघडले आणि तेव्हापासून आपण फळे आणि भाज्यांवर अवलंबून आहोत.

ब हा एके काळी एकच पदार्थ समजला जात होता. त्याच्या शोधाची सुरुवात जावा बेटावरच्या कोंबड्यांपासून होते. डच डॉक्टर क्रिस्तियान आइकमान तिथे बेरीबेरी या हातपाय लुळे पाडणाऱ्या रोगाचे कारण शोधत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडू लागले आणि काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशीत कळले, की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयातला उरलेला पांढराशुभ्र भात घातला जात होता आणि नव्या स्वयंपाक्याने तो देणे बंद केले होते. तांदळाच्या कोंड्यात काहीतरी होते, जे पांढऱ्या तांदळात उरले नव्हते. पांढऱ्या तांदळातच विष असावे आणि कोंड्यात त्यावरचा उतारा असावा, असे आइकमान यांना आधी वाटले. कोंड्यात एक आवश्यक घटक आहे आणि तो न मिळाल्याने रोग होतो, हे त्यांचे काम पुढे नेणाऱ्या गेरिट ग्रेन्स यांनी १९०१ मध्ये मांडले. आजार एखाद्या गोष्टीच्या अभावानेही होऊ शकतो, ही कल्पना त्या काळी पचायला किती जड गेली असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. जंतूंचा शोध नुकताच लागला होता आणि सगळे जण बाहेरून आत येणारा शत्रू शोधत होते. आइकमान यांना १९२९ मध्ये नोबेल मिळाले.

तोच पदार्थ म्हणजे थायमिन, आपले ब-१. नावातला 'थाय' गंधकासाठी आणि 'अमिन' अमाइनसाठी, म्हणजे फंक यांचा तर्क निदान इथे बरोबर ठरला. ग्लुकोजपासून निघालेल्या पदार्थाला ऊर्जानिर्मितीच्या पुढच्या टप्प्यात नेणाऱ्या विकराला थायमिन लागते, आणि मज्जातंतू व हृदय यांचे भागत नाही म्हणून पहिला फटका त्यांना बसतो. ब-२ म्हणजे रायबोफ्लेविन. 'फ्लाव्हस' म्हणजे पिवळा, आणि गोळी घेतल्यावर लघवी गर्द पिवळी होते ती याच्यामुळे; घाबरण्याचे कारण नसते. ब-३ म्हणजे नायसिन. त्याचे मूळ नाव निकोटिनिक आम्ल, पण तंबाखूतल्या निकोटिनशी लोकांनी त्याचा संबंध जोडू नये म्हणून त्याच नावातली अक्षरे घेऊन नवे नाव बनवले गेले. त्याच्या अभावाने पेलाग्रा होतो, ज्यात उन्हाला उघडी राहणारी त्वचा काळवंडून सोलते, जुलाब होतात आणि पुढे बुद्धिभ्रंश होतो. मक्यात नायसिन बांधलेल्या स्थितीत असते. मेक्सिकोतले मूळ रहिवासी मका चुन्याच्या पाण्यात शिजवत आणि त्याने ते मोकळे होई. मका युरोपात आणि अमेरिकेच्या दक्षिणेत गेला, पण ती रीत त्याच्यासोबत गेली नाही, आणि मक्यावरच गुजराण करणारे गरीब पिढ्यान्‌पिढ्या पेलाग्राने मरत राहिले.

ब-५ म्हणजे पँटोथेनिक आम्ल. ग्रीक 'पँटोथेन' म्हणजे सगळीकडून, आणि खरोखरच ते जवळजवळ प्रत्येक अन्नात असते. ब-६, पायरिडॉक्सिन, शंभराहून अधिक विकरांना मदत करते आणि मेंदूतले संदेशवाहक पदार्थ बनवायला लागते. क्षयरोगावरच्या आयसोनियाझिड या औषधाबरोबर ते मुद्दाम दिले जाते, मात्र मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतले तर तेच मज्जातंतूंना इजा करते. ब-७ म्हणजे बायोटिन. केसांसाठी म्हणून ते घेणाऱ्यांनी एवढे जरूर लक्षात ठेवावे, की त्याच्या मोठ्या मात्रेने थायरॉइडसारख्या काही रक्तचाचण्यांचे निकाल चुकीचे येऊ शकतात. चाचणीपूर्वी ते प्रयोगशाळेला सांगावे.

आता उरले ब-९ आणि ब-१२, ज्यांच्यामुळे मी या वाटेला लागले.

ब-९ म्हणजे फोलेट. लॅटिन 'फोलियम' म्हणजे पान. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून ते वेगळे केल्यावर हे नाव मिळाले. त्याच्या दहा वर्षे आधी लूसी विल्स या ब्रिटिश संशोधिकेने मुंबईतल्या गरोदर कापडगिरणी कामगार स्त्रियांचा रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे दाखवून दिले होते. पेशी दुभंगण्यापूर्वी तिला डीएनएची नवी प्रत काढावी लागते आणि त्यासाठी लागणारे सुटे भाग फोलेटशिवाय तयार होत नाहीत. म्हणून जिथे पेशी भराभर वाढतात, तिथे आधी अडते: अस्थिमज्जेत आणि गर्भात. गर्भाच्या ज्या नळीपासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात, ती गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आत मिटते. तोवर पुष्कळदा दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल आधीपासूनच सुरू करावे, असे म्हणतात ते या २८ दिवसांसाठी.

ब-१२ म्हणजे कोबालमिन, ज्याच्या मध्यभागी कोबाल्ट या धातूचा एक अणू बसलेला असतो. त्याचे स्फटिक लाल असतात. ही रचना डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली आणि १९६४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. हे जीवनसत्त्व वनस्पती बनवत नाहीत, प्राणीही बनवत नाहीत. ते फक्त सूक्ष्मजीव बनवतात, आणि आपल्यापर्यंत ते दूध, अंडी, मांस, मासे यांतून येते. दिवसाची गरज जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम असते, पण ते पदरात पडायला मोठा प्रवास करावा लागतो. जठरातल्या आम्लाने ते अन्नातल्या प्रथिनापासून सुटते, जठरातूनच स्रवणारे एक वाहक प्रथिन पुढे त्याचा हात धरते, आणि लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात ते शोषले जाते. यकृतात काही वर्षे पुरेल इतका साठा असल्यामुळे कमतरता झाली, तरी ती उशिरा आणि हळूहळू उघड होते.

आईच्या बाबतीत नेमके असेच झाले. आम्लपित्तासाठी ती कित्येक वर्षे आम्ल कमी करणारी गोळी घेत होती. मग थकवा आला, चेहरा फिकट पडला, आणि कुणीतरी लिहून दिलेले लोह व फॉलिक आम्लाचे टॉनिक सुरू झाले. हिमोग्लोबिन वाढले आणि आम्ही सगळे निश्चिंत झालो. तिचे पाय मात्र बधिर होत गेले. चप्पल पायातून निसटून मागे राहिली, तरी तिला ते कळत नसे, आणि तोंड धुताना डोळे मिटले की तोल जाई. फॉलिक आम्लाने डीएनएचे काम पुन्हा सुरू होते आणि रक्त सुधारते, पण मज्जातंतूंचे आवरण शाबूत ठेवण्याचे कोबालमिनचे काम त्याला करता येत नाही. म्हणून रक्ताचा अहवाल चांगला दिसत राहतो आणि मज्जारज्जूची हानी आत चालूच राहते. ब-१२ ची चाचणी आधी व्हायला हवी होती, याची हळहळ मला आजही आहे.

निदान झाल्यावर आधी इंजेक्शने दिली गेली आणि नंतर मोठ्या मात्रेच्या गोळ्या. गोळीतले कोबालमिन मोकळेच असल्याने त्याला सोडवण्यासाठी आम्ल लागत नाही, आणि मोठ्या मात्रेचा साधारण एक टक्का वाहक प्रथिनाशिवायही आतड्यातून आत जातो. मिथाइल हा त्या कोबाल्टला जोडलेला एक छोटा गट, एवढाच त्या लांब नावाचा उरलेला अर्थ. हे सगळे मी आईला कागदावर मधोमध कोबाल्टचा ठिपका काढून समजावले.

गेल्या तपासणीत डॉक्टरांनी कंप पावणारा धातूचा नादकाटा वाजवून तिच्या पायाला लावला. वर्षभरापूर्वी गुडघ्याच्या खाली तिला काहीच जाणवत नव्हते. या वेळी घोट्यावर टेकवताच ती म्हणाली, "हो, थरथरतंय." अंगठ्यावर मात्र अजून काही कळले नाही.